तीन डबे, दोन कंप्युटर

कमल गेली त्याच्या दोन दिवस आधी आम्ही दोघांनी मिळून तुरीच्या शेंगा सोलल्या. दोघांनी मिळून केलेलं तेच शेवटचं काम. ओट्यावर ऊन आलं होतं, मधात सूप होतं, ती तिच्या बाजूनं सोलत होती, मी माझ्या. माझे दाणे खाली सांडत, ती न बोलता उचलून सुपात टाकत होती. तेवढ्यात लेकीच्या पोराचा पुण्याहून फोन आला. त्याला गेम खेळायला काहीतरी घ्यायचं होतं, आणि टीव्हीला लावायचा डबा घ्यावा की कंप्युटर घ्यावा यावर त्याचं अडलं होतं. म्हणाला, "आबा, डबा आत्ता स्वस्त पडतो, पण त्याचे गेम महाग. कंप्युटर आत्ता महाग, पण गेम स्वस्त, आणि एकेक पार्ट बदलत गेलं तर दहा वर्षं जातो. तुम्ही तर दुकान चालवलंय. तुम्ही सांगा." मी काही बोलायच्या आतच कमल म्हणाली, "त्याले म्हना, लाईट गेल्यावर जे चालते ते घे." पोरगा हसला. "आजी, पुण्यात लाईट जात नाही." "मंग आमाले काहून इचारतं, बाप्पा?" असं म्हणून तिनं पुढची शेंग उचलली आणि माझ्याकडे एकदा पाहिलं. मी सुपात पाहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीत तिला चक्कर आली. दवाखान्यात नेईस्तोवर संपलं होतं. त्या पोराला उत्तर द्यायचं राहिलं. आता घरात बोलायला कोणी नाही, म्हणून लिहितो. मी सातवी शिकलेला माणूस आहे, चुका होतील.

माणूस बापाच्या घरात मोठा होतो म्हणतात. मी नाही झालो. बाप होता तोवर मी परतवाड्याच्या जीप स्टँडवर उनाडच होतो, लग्नही बत्तिसाव्या वर्षी झालं. मोठा झालो तो त्याच स्टँडसमोरच्या एका खोलीत, कमलच्या हाताखाली. पुढं दुकान, मागं आम्ही दोघं आणि आमची शाळकरी लेक. मधात एक जुनं लुगडं टांगलेलं. सकाळी सहापासून बाहेर जीपवाले ओरडत, "धारणी, धारणी, सेमाडोह, एक सीट, एक सीट!" आणि एका सीटवर चार माणसं कोंबत. लुगड्याच्या मागं तव्यावर भाकर, पाट्यावर ठेचा, आणि पुढं तीन टीव्हीमधून तीन वेगवेगळे बाजे. एकात रणगाडे फुटत, एकात मोटारसायकल, एकात बदकं. आज मी एकटा जेवतो तेव्हा घर इतकं चूप असतं की चावल्याचा आवाज येतो. तेव्हा घास तोंडात गेला की नाही हे बी कळत नव्हतं.

लग्न ठरवायला गेलो तेव्हा तिनं एकच गोष्ट सांगितली होती. तिच्या मामानं आम्हाला दोन मिनिटं आंगणात उभं केलं. मी विचारलं, काही म्हणायचं आहे का. ती म्हणाली, "काय बी करीन. भांडे घाशीन, उपाशी राहीन. पन मले पुन्हा निंदायले नोका लावू." तिची माय जन्मभर लोकांच्या वावरात निंदण करायची. विळा धरून धरून तिची उजव्या हाताची बोटं आत वळली होती. ती मेली तेव्हा बायांनी तेल लावून ती बोटं सरळ करून पाहिली, झाली नाहीत. तशीच मुठीसकट जाळली. हे कमलनं मला त्या आंगणात सांगितलं, डोळ्यात पाणी न आणता. मी म्हटलं, नाही लावणार. तेवढ्यावर आमचं लग्न झालं.

गेमचं दुकान हे तिच्यासाठीच काढलं होतं. पहिला डबा मी अकोल्याच्या बाजारातून आणला. काळा प्लास्टिकचा, दोन रिमोट, वरून कॅसेट खोचायची. हजाराच्या आत आला. पोरं त्याला व्हिडिओ गेम म्हणत, आम्ही डबाच म्हणायचो. रुपयाला दहा मिनिटं. वर्षभरात एकाचे तीन झाले. तिसरा तर विकत घेतलाच नाही. दोन बिघडलेले डबे भंगारात आणून कमलनं त्यातून एक उभा केला. शेजारी उस्मानभाईचं बॅटरी चार्जिंगचं आणि टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती त्याच्याकडे बसून डाग द्यायला, म्हणजे कथिल वितळवून तारा जोडायला, शिकली. रिमोटची तार तुटली, ती जोडे. कॅसेट लागत नसली की पोरं तोंडानं फुंकत, ती त्यांच्या हातावर चापट मारून कॅसेट घेई आणि आतल्या पिवळ्या पट्ट्या शाळेच्या खोडरबरानं पुसून देई. "थुका लागला की जंग चढते रे. घरी तुही माय अशीच फुंकते काय भांड्याले?" पोट्टे तिला भीत, आणि तिच्यावाचून त्यांचं चालत नव्हतं. उस्मानभाई म्हणे, "वसंता, तेरी बायको मेरा धंदा खाएगी एक दिन." म्हणे आणि खूश होई.

पण दुकान चालत होतं ते दुसऱ्याच गोष्टीनं. त्या वर्षांत लाईट दिवसातून दहा-दहा तास जायची. ज्या वेळी गिऱ्हाईक यायचं नेमकी त्याच वेळी जायची. आमचे टीव्ही लहान, काळे-पांढरे, बॅटरीवर चालणारे. उस्मानभाईनं जीपच्या जुन्या बॅटरीला तारा काढून टीव्ही जोडून दिले आणि डब्यासाठी मधात एक छोटी चीज बसवली, तिनं लाईट कमी होऊन डब्यात जाई. साऱ्या स्टँडवर अंधार, पंखे बंद, रसवंती बंद, आणि आमच्या तीन टीव्हीवर रणगाडे चालूच. जीप भरेस्तोवर धारणीकडचे मोठाले बाप्ये बी येऊन खेळत. एक बॅटरी उतरली की उस्मानभाईकडे द्यायची, दुसरी आणायची. मी रोज त्या बॅटऱ्या उचलायचो. त्यातूनच मला वाटायला लागलं की मला बी इलेक्ट्रिकचं कळते.

बाहेर दिवस वाईट होते. कपाशीला भाव नव्हता, पाऊस धोका देई, दुबार पेरणी नेहमीचीच झाली होती. स्टँडवर एक कृषी केंद्र होतं. तिथं फवारणीचं औषध घ्यायला कोणी एकटा माणूस आला की दुकानदार त्याला उगाच बसवून घेई, चहा पाजी, घरी कोण कोण आहे ते विचारी. पोरांच्या हातात रुपया येणं कमी झालं. आधी जो पोट्टा तीनदा खेळे तो एकदा खेळे आणि मग दुसऱ्याच्या पाठीमागं उभा राहून पाही. कमल त्यांना हाकलत नव्हती. मी हाकलायचो.

त्याच वेळी गावात कंप्युटर आले. कॉलेजची पोरं अमरावतीला जाऊन खेळून येत आणि माझ्या दुकानासमोर उभं राहून सांगत, तिकडं रक्त दिसते, गाडीचा नंबर दिसते, आणि तुमच्याकडं अजून बदकंच उडून राहिली. मला ते लागलं. अमरावतीचा एक कंप्युटरवाला ओळखीचा झाला. त्यानं हिशोब मांडून दाखवला. अर्ध्या तासाला पाच रुपये. कॅसेट विकत घ्यावी लागते, इथं एका सीडीवरून दोन्ही मशीनमध्ये गेम भरता येतो. गेमचा जमाना गेला तर टायपिंग करा, पोरांचे अर्ज भरा. डबा काय, डबाच राहणार. त्याचं बोलणं खोटं नव्हतं. आजही माझा नातू हेच म्हणतो. फक्त त्यानं एक सांगितलं नाही, की हे सारं जिथं लाईट असते तिथलं आहे.

मी घरी येऊन कमलला सांगितलं. ती आंबाडीची भाजी निवडत होती.

"केवढ्याले पडते एक?"

"जुना घेतला तर बैलजोडीच्या पैशात दोन येतात."

"अन किती वर्षं जाते?"

"पार्ट बदलत राहिलं तर लय जाते."

"म्हंजे नाई जात," ती म्हणाली. "आपन बदलत राह्यलो तर ते जाते. अवो, ते जर्सी गाय हाये. लय खाईन, ऊन लागलं की बसन, अन डॉक्टर अमरावतीहून येईन. हे आपले डबे म्हंजे गावरान बकऱ्या. बाभूळ खाऊन दूध देतात."

मी चिडलो. म्हटलं, बाईमाणसाला धंद्यातलं काय कळते. ती भाजी निवडत राहिली. तिच्या हातावर डाग देताना पडलेले काळे ठिपके होते, ते मी पाहत होतो आणि तरी तसं बोललो.

मग ती लेकीला घेऊन बहिणीच्या बाळंतपणाला आठ दिवस दर्यापूरकडे गेली, आणि त्या आठ दिवसांत मी तिन्ही डबे, तिन्ही टीव्ही, साऱ्या कॅसेटा धारणीच्या एका माणसाला विकून टाकल्या. वर जे लागलं ते घरातलं साठवलेलं घातलं. तिनं भंगारातून केलेला डबाही त्यातच गेला. तो वेगळा काढावा हे मनात आलंच नाही असं लिहिलं तर खोटं होईल. आलं होतं. म्हटलं, दोनचे तीन झाले की तेवढाच भाव वाढतो. ती परत आली, पिशवी हातातच, दारात उभी राहून तिनं दोन कंप्युटर पाहिले.

"टीव्ही बी देल्ले?"

"टीव्ही बी."

"बरं," ती म्हणाली आणि आत जाऊन चूल पेटवली.

पहिले दोन महिने मी फुगून हिंडलो. कॉलेजची पोरं येत, रांग लागे. मग लाईट गेली की ती शिव्या देत उठून जात. बॅटरीची जी पेटी सोबत आली होती ती दहा मिनिटं कूं कूं करी आणि मरे. दिवसातून दोन-तीन तासच मशीन चाले. तेवढ्यात नवा गेम आला, तो आमच्या मशीनवर उघडेना. कंप्युटरवाला म्हणाला रॅम वाढवा. वाढवली. मग म्हणाला अजून एक कार्ड लागते. डबा तीन वर्षांत एकदाही काही मागून राहिला नव्हता, फक्त खोडरबर. लहान पोरं तर येणंच बंद झाली, पाच रुपये कुठून आणतील. मी कमलला म्हणायचो, पोळा येऊ दे, मग पाहा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. पोरं लाकडाचे बैल सजवून घरोघर नेतात, आणि लोक त्यांना बोजारा देतात, रुपया, दोन रुपये, ज्याची जशी ऐपत. वर्षात तो एकच दिवस असा की साऱ्या पोरांच्या खिशात स्वतःचे पैसे. डब्यांच्या काळात त्या एका दिवसात महिन्याचं भाडं निघे. मी पाटी लावली, आज रुपयाला पाच मिनिटं. दोन महिन्यांचं भाडं थकलं होतं आणि मालकानं सांगितलं होतं, पोळ्यानंतर खोली खाली करा. कमलला ते माहीत होतं. खोली गेली तर तिला कुठं जावं लागेल, हे आम्ही दोघं जाणत होतो. त्यावर बोलत नव्हतो.

दहा वाजेस्तोवर दुकानासमोर चाळीसेक पोट्टे जमले. काखेत बैल, बैलांच्या शिंगांना बेगड, तोंडाला पुरणाचा वास. साऱ्यांनी आधीच पैसे देऊन नंबर लावले. अन् लाईट गेली. पेटी कूं कूं करून थांबली. पोरं हलली नाहीत. त्यांना वाटलं, वसंतकाका आता बॅटरी लावतील, नेहमीसारखी.

मला बी तेच वाटलं. मी उस्मानभाईच्या दुकानातून दोन बॅटऱ्या उचलून आणल्या. तो ईदगाहकडे मयतीला गेला होता. कंप्युटरच्या आत एक पत्र्याची पेटी असते, तिच्यातून साऱ्या तारा निघतात. त्या पेटीवर लिहिलं होतं, बारा व्होल्ट. बॅटरीवर लिहिलं होतं, बारा व्होल्ट. मी सातवी शिकलो असलो तरी एवढं वाचता येत होतं. तीन वर्षं मी जीपच्या बॅटऱ्या जोडल्या होत्या. लाल म्हणजे प्लस, काळा म्हणजे मायनस, यात कधी चूक झाली नव्हती. आत पाहिलं तर लाल तारा होत्या, काळ्या होत्या. मी सोलून लालला लाल लावली, काळ्याला काळी.

कमल लुगडं बाजूला करून पुढं आली. "थांबा ना. उस्मानभाईले येऊ द्या."

"पोट्टे पळून जातीन."

"जाऊ द्या. उद्या येतीन."

"उद्या त्यांच्याजवळ पैसे राहतीन काय?"

"अवो, तुमाले नाई समजत त्याच्यातलं. मले बी नाई समजत. मनून सांगतो, थांबा."

'तुमाले नाई समजत' एवढंच मी ऐकलं. दोन्ही मशीनला एकदमच जोडलं, म्हणजे नंबरवरून भांडण नको. आतला पंखा फर्र फिरला, पोरांनी "हो!" केली. मग आत काहीतरी फुटलं, एकदा, आणि लगेच दुसऱ्यात. धूर फार नव्हता. वास होता. जळलेल्या मिरचीसारखा नाकात जाऊन बसणारा. मी तारा ओढल्या तर बोटं भाजली.

एक पोट्टा, सात-आठ वर्षांचा, म्हणाला, "काकू, तो जुना डबा लावा ना."

कमलनं पैशाचा पितळी डबा घेतला आणि दारात बसली. एकेका पोराला नावानं बोलावून त्याचा त्याचा बोजारा परत दिला. कोणी दोन दिले होते, कोणी एक, तिला सारं ध्यानात होतं. पोरं पैसे घेऊन, बैल काखेत मारून, स्टँडकडे आइसकांडीवाल्याच्या मागं पळाली. पंधरा मिनिटांत दुकान रिकामं.

दुपारी उस्मानभाई आला. आत वाकून पाहिलं, बोट फिरवलं, वास घेतला. "अबे, पूछना तो था," तो म्हणाला. मग माझं तोंड पाहून मराठीत आला. "लाल प्लस असते, पण बॅटरीत. ह्याच्या आत बाराची तार पिवळी. लाल म्हणजे पाच. तू पाचवाल्याले बारा पाजले, वसंता." मी विचारलं, नीट होईल का. तो कमलकडे पाहत राहिला, माझ्याकडे नाही. "नहीं भाभी. सारा बोर्ड गया. भंगारवाला भी पत्र्याचेच पैसे देईन."

तिनं त्याला बसायला सांगितलं आणि कालची पुरणपोळी दूध घालून दिली. सणाला आलेला माणूस उपाशी जाऊ नये म्हणून. तो खात होता, ती त्याच्याशी त्याच्या घरच्या मयतीचं बोलत होती, कोण होतं, किती वय होतं. मी दोन मेलेल्या मशीनच्या मधात बसून होतो. त्या दिवशी ती मला रागावली असती तर बरं झालं असतं. मी पुढं पंचवीस वर्षं वाट पाहिली तिच्या रागावण्याची. एकदाही तिनं तो विषय काढला नाही. तुरीच्या शेंगा सोलताना बी नाही, फक्त पाहिलं. माणसं म्हणतात, किती शहाणी बाई होती. होती. पण न बोललेलं घरात कुठं जात नाही, ते तिथंच राहते, एखाद्या जड बॅटरीसारखं, आणि दोघांनी ते ओलांडून चालायचं असते.

तर पोरा, तू विचारलं होतंस, काय जास्त टिकते. डबा टिकते. ते तीन डबे धारणीत त्यानंतर बी सहा-सात वर्षं चालले, उस्मानभाई तिकडे जाऊन आला तेव्हा पाहून आला. पण खरं सांगू का, डबा टिकला नव्हता, कमलनं टिकवला होता. तुला पाहिजे ते घे. घरात ते उघडून पाहणारं कोण आहे, तेवढं पाहून घे. आणि घरात जो थांबा म्हणतो, त्याचं ऐक.

तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मला विळ्याला धार लावल्याचा आवाज आला. उठून पाहिलं तर कमल मोरीजवळ दगडावर विळा घासत होती. शेजारच्या गिरजाबाईकडून मागून आणला होता. गिरजाबाई निंदणाच्या बायांची मुकादमीण. कमलनं लुगड्याचा काचा मारला होता, डोक्याला फडकं, फडक्यात दोन भाकरी बांधलेल्या. मी म्हटलं, "मी जातो ना हमालीले. मार्केटात काम भेटते." ती म्हणाली, "जा. दोघाईच्या मजुरीशिवाय भागनार नाई आता." आणि निघाली. मार्केटात मला खरंच काम भेटलं असतं, तिच्या मजुरीच्या दुप्पट. बाप्या माणूस निंदायला जात नाही आमच्याकडे. बायांच्या लायनीत बसलेला बाप्या म्हणजे वर्षभराची थट्टा.

मी तिच्या मागं गेलो. वावर सोयाबीनचं होतं, रस्त्याला लागूनच, जीपमधल्या लोकांना दिसेल असं. बायांनी आपापल्या पाती धरल्या होत्या. पात म्हणजे ज्याची त्याची ओळ, ती धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत त्यानंच निंदायची. मला पाहून एकजण ओरडली, "हे कोन नवी नवरी आली वं?" साऱ्या हसल्या. गिरजाबाई म्हणाली, "हजेरी बाईचीच भेटन, वसंता. अगुदर सांगून ठेवतो."

"भेटू द्या," मी म्हटलं आणि कमलच्या शेजारची पात धरून चिखलात बसलो. तिनं वर पाहिलं नाही. बाया बोलत होत्या, जीपवाले हॉर्न वाजवून जात होते, कोणीतरी माझं नाव घेऊन ओरडलं बी. माझा हात चालत नव्हता, मी सारखा मागं पडत होतो. दुपारच्या भाकरीपर्यंत कमल स्वतःच्या पातीतून हात लांब करून, माझ्या पातीत राहिलेलं तण उपटत पुढं सरकत होती.